बोर्ड पेटला म्हणजे पोरगं शिकलं असं नसतं

प्रश्न विचारणाऱ्या ताई तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत नववी-दहावीला मल्टी स्किल, म्हणजे वायरिंग, वर्कशॉप, शेती अशी हातची कामं शिकवणारा विषय, शिकवतात. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की ट्रेनिंगमध्ये सांगितलं तसं मी सगळं कृतीतून घेते, मुलं या तासाची वाट बघतात, एक्स्टेन्शन बोर्ड केले, कुंड्या भरल्या, फोटोही छान आले, पण महिन्याने तेच काम परत दिलं की निम्म्या वर्गाला साधी वायर सोलता येत नाही. मुलं चाळीस, पक्कडी सहा. मग माझं नेमकं चुकतंय कुठे?

ताई, तुमचं जे होतंय ते माझं पहिली दोन वर्षं होत होतं, म्हणून जरा लांबण लावून लिहितो, सावकाश वाचा. मी आधी सहा वर्षं शाळेत मूलभूत तंत्रज्ञान शिकवलं, मग आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला निदेशक म्हणून लागलो ते आजपर्यंत. दोन्हीकडची पोरं बघितलीत, दोन्हीकडचा घोळ एकच.

माझी पहिली बॅच सांगतो. बावीस मुलं, जॉब (म्हणजे करायला दिलेलं काम) एक्स्टेन्शन बोर्डचाच. मी पुढे उभा राहून एकेक स्टेप करून दाखवायचो, पोरं माझं बघून करायची, अडलं की "सर, हे बरोबर का?" म्हणून बोर्ड घेऊन यायची, मी स्क्रू टाइट करून द्यायचो, कधी वायर बदलून द्यायचो, शेवटी प्लग लावला की बल्ब पेटायचा आणि टाळ्या. बावीसच्या बावीस बोर्ड पेटले. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आपण मास्तर म्हणून जमतोय. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सहज परत सामान दिलं, काही न बोलता करा म्हटलं, तर तिघांना जमलं. तिघांना! त्यातल्या एकाचा काका वायरमन होता, म्हणजे तो माझ्याकडून शिकलाच नव्हता.

खूप दिवस मला वाटत होतं पोरं विसरली. विसरली वगैरे काही नव्हती, ती शिकलीच नव्हती. हात त्यांचे होते पण बोर्ड बरोबर झाला की चुकला हे ठरवणारं डोकं माझं होतं. प्रत्येक वळणावर निकाल मी देत होतो, त्यामुळे त्यांना फक्त माझ्या तोंडाकडे बघायला लागायचं, कामाकडे बघायची गरजच पडत नव्हती. आता माझा सगळा भर एवढ्यावरच असतो की काम बरोबर झालं का हे पोराला माझ्याशिवाय कळलं पाहिजे. जी कृती तेवढं करते ती मी घेतो, जी करत नाही ती कितीही मजेशीर असली तरी सोडून देतो.

तुम्ही वायर सोलण्याचं लिहिलंय ना, तिथूनच सुरुवात करू. एक स्क्वेअर एमएमची साधी मल्टीस्ट्रँड वायर घेतली तर तिच्या आत साधारण १४ बारीक तारा असतात, प्रत्येक तार ०.३ मिलिमीटर जाडीची. पोरगं पक्कडीने दाबून ओढतं तेव्हा इन्सुलेशनबरोबर दोनचार तारा पण तुटून जातात आणि ते त्याला दिसतही नाही, कारण उरलेल्या तारा पिळून टाकल्या की वायर छानच दिसते. आपण म्हणतो "नीट सोल रे", पण नीट म्हणजे काय ते त्याला काय माहीत. मी सांगतो, आधी कटरने काटकोनात कापलेल्या टोकाच्या तारा मोज, मग सोल, मग परत मोज. १४ च्या १४ असतील तर पास, तेरा असतील तर नापास, माझ्याकडे यायचंच नाही. पाच मिनिटात पोरं आपोआप पक्कडीचा दाब कमी करतात, वायर फिरवत गोल चीर पाडून मग ओढायला लागतात, हे मी न सांगता. आणि त्याच तासाला कोणीतरी विचारतंच की सर याला एक स्क्वेअर एमएम का म्हणतात, मग फळ्यावर ०.३ व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं, ०.०७ च्या आसपास येतं, गुणिले १४, झालं एक. गणिताच्या सरांना पण बोलवा त्या दिवशी, त्यांनाही बरं वाटतं.

हे एकदा करून भागत नाही मात्र. तीस वेळा सोलायला लावा. कृतीतून शिक्षण म्हटलं की लोकांना वाटतं रोज नवीन काहीतरी पाहिजे, आज कागदाचं, उद्या मातीचं, परवा प्रोजेक्ट, आणि एकच गोष्ट परत परत करणं म्हणजे जुनाट घोकंपट्टी. हाताची घोकंपट्टी लागतेच हो. सुतार काय एकदा रंधा मारून सुतार होतो का? फक्त तिसाव्या वेळीही पोराला स्वतःचा आकडा दिसत राहिला पाहिजे, पहिल्या दहात किती नापास आणि शेवटच्या दहात किती, मग कंटाळा येत नाही.

आता बोर्ड. बोर्ड करायच्या आधी प्रत्येकाला सेल-बल्बचा टेस्टर करायला लावा. दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब, दोन वायरी, बस. टोकाला टोक लावलं की पेटतो, मधे कुठं तुटलं असेल तर पेटत नाही. तीन व्होल्टचं खेळणं आहे, शॉकची भीती नाही, चाळीस मुलं चाळीस टेस्टर घेऊन बसू शकतात आणि तुम्हाला दम लागत नाही. हाच टेस्टर पुढे सहा महिने तुमचा असिस्टंट असतो.

मी बोर्ड बनवायला देतच नाही आधी. आधी बिघडलेला देतो. आदल्या दिवशी मी स्वतः बसून पाचसहा बोर्डांत मुद्दाम खोड्या करून ठेवतो, एकात अर्थची, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी वायर लावलेलीच नाही, एकात स्विच वीज आणणाऱ्या फेजऐवजी वीज परत नेणाऱ्या न्यूट्रलमध्ये टाकलाय, एकात फेज-न्यूट्रल उलटे, एकात स्क्रूखाली तांब्याऐवजी इन्सुलेशनच दाबलंय. गंमत म्हणजे पहिले तिन्ही बोर्ड मेनला, म्हणजे भिंतीतल्या खऱ्या विजेला, लावले तर बल्ब मस्त पेटतो! म्हणजे आपली टाळ्यावाली टेस्ट या बोर्डांना पास करते आणि एखाद्याच्या घरी पत्र्याची इस्त्री लावल्यावर जीव घेते. पोरांना सांगतो, तुमच्या सेल-बल्बने शोधा. प्लगच्या फेजच्या पिनेला एक टोक, सॉकेटच्या उजव्या भोकात दुसरं, स्विच चालू केला की पेटला पाहिजे, बंद केला की विझला पाहिजे. विझला नाही तर स्विच चुकीच्या वायरीत आहे. अर्थच्या मोठ्या पिनेपासून वरच्या मोठ्या भोकापर्यंत स्विच कसाही असो, कायम पेटला पाहिजे. आणि फेज-न्यूट्रलच्या मधे कध्धीच पेटता कामा नये.

एक पोरगी होती माझ्याकडे, तिनं बोर्ड उघडला आणि म्हणाली सर यात फेज डावीकडे लावलाय, चूक सापडली. मी म्हटलं बघ परत. तिनं सेल-बल्ब लावला तर सगळं बरोबर. दहा मिनिटं बोर्ड उलटा-सुलटा करत बसली आणि मग एकदम हसली, कारण सॉकेट पुढून बघितला तर फेज उजवीकडे आणि मागून वायर लावताना तोच डावीकडे येतो, आरशासारखं. माझ्या पहिल्या बॅचमधली निम्मी पोरं इथंच फसत होती आणि मी त्यांच्या हातातून बोर्ड घेऊन वायरी अदलाबदल करून देत होतो, का चुकलं ते न सांगता. ती दहा मिनिटं मी त्यांच्याकडून काढून घेत होतो. सॉकेटच्या मागे बारीक अक्षरात एल, एन असं छापलेलं असतं, ते पण त्या पोरीनंच वर्गाला दाखवलं.

सेल-बल्बला एक गोष्ट कळत नाही, लूज कनेक्शन. एक तार जरी चिकटली असेल तरी तो पेटतो. म्हणून प्रत्येक वायर जरा ओढून बघायची, निघून आली तर परत. आणि प्लगमध्ये अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची, हे पण मी आधी सांगत नाही, केबल हिसडून दाखवतो आणि विचारतो आता कुठली वायर आधी सुटावी आणि कुठली शेवटी? उत्तर पोरंच देतात, अर्थ शेवटी सुटली पाहिजे. असं मिळालेलं उत्तर दिवाळीच्या सुट्टीत कुठं जात नाही.

एवढं सगळं झाल्यावर मग सिरीज लॅम्प, आणि तो तुमच्याच हाताने. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या, एलईडी चालणार नाही, हल्ली हे बल्ब मिळायला वेळ लागतो म्हणून दिसले की दोनचार घेऊन ठेवा. बोर्ड या बल्बच्या सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे वीज आधी या बल्बमधून आणि मगच बोर्डात जाते. आत शॉर्ट असेल तर आपला बल्ब फुल्ल पेटतो, ना फ्यूज उडत ना धडाका. बोर्ड ठीक असेल आणि त्यात दुसरा पिवळा बल्ब लावला तर दोघंही मंद पेटतात. याच्यानंतर मेन, तेही ३० मिलिअँपियरच्या ईएलसीबीमधून, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून. शाळेत ईएलसीबी नसेल तर आधी मुख्याध्यापकांच्या डोक्याशी बसून तो बसवून घ्या, तोवर २३० व्होल्टला हात लावू नका, सेल-बल्बवर सहा महिने काढा, काही अडत नाही.

इथं एक वाद आहे म्हणून बोलतो. ट्रेनिंगला येणारे काही साहेब म्हणतात मुलांना काहीही आयतं सांगू नका, सगळं शोधू द्या. अहो, वीज शोधू द्यायची गोष्ट आहे का! तसंच ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग. सेफ्टीचे नियम स्पष्ट सांगायचे, पाठ करून घ्यायचे, मोडला की त्या दिवशी हत्यार बंद, चर्चा नाही. हत्यार धरायचं कसं तेही सरळ सांगायचं. हॅकसॉचं ब्लेड दात पुढच्या बाजूला ठेवून बसवायचं आणि जोर पुढे ढकलताना द्यायचा, हे शोधून काढण्यात पोराचा तास घालवण्यात काय अर्थ? शोधायला चुका ठेवा, बिघाड ठेवा, "हे असं का" ठेवा.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते बोर्डापेक्षाही मोठी. काम कोणासाठी? शाळेत आपण जॉब करतो, मार्क देतो, मार्चनंतर जॉब भंगारात. पोरांना हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, अमेरिकेतून पीएचडी केलेला, मोठ्या कंपनीतल्या संशोधनाच्या नोकरीतला माणूस, ते सोडून दुष्काळी गावात जाऊन बसला. शाळांमधला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तिथूनच आला, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग आणि आठवड्यातला एक दिवस त्यालाच. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे शिकता शिकता गावाची खरी कामं करायची, सेवा द्यायची आणि शक्य तिथं त्याचे पैसेही घ्यायचे. पैसे घेतले की समोरचा कुरकुर करतो, आणि त्या कुरकुरीइतकी चांगली परीक्षा कुठल्या बोर्डाने काढली नाही अजून.

आमच्या पोरांनी एकदा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींसाठी पाण्याच्या पिंपाखाली ठेवायला अँगलचा स्टँड केला. मापं घेतली, कापला, वेल्डिंग मी केलं, रंग पोरांनी दिला, दिसायला फर्स्ट क्लास. मावशींनी पिंप ठेवलं, भरलं, आणि स्टँड डुगडुगायला लागला. एक पाय चार मिलिमीटर आखूड. मावशी काही बोलल्या नाहीत, पुठ्ठ्याची घडी करून त्या पायाखाली सरकवली आणि कामाला लागल्या. रोज मधल्या सुट्टीत ताटं घेऊन रांगेत उभं राहिलं की पोरांना तो पुठ्ठा दिसायचा, चौथ्या दिवशी दोघं येऊन म्हणाली सर स्टँड परत आणू का. मग कळलं की टेप धरताना पुढचा हूक एका पायाला ओढून धरला होता आणि एका पायाला दाबून, वर कापताना ब्लेडची जाडी कोणी धरलीच नव्हती. मी वर्गात "मिलिमीटरमध्ये मोजा, मिलिमीटरमध्ये मोजा" म्हणून वर्षभर घसा कोरडा केला होता, त्या पुठ्ठ्याने चार दिवसात केलं. दुसऱ्यांदा चारही पाय एकत्र बांधून एकदम आखले, ही आयडिया पण त्यांचीच.

म्हणून तुमच्या शाळेत आणि आजूबाजूला गिऱ्हाईक शोधा. अंगणवाडीतला बंद दिवा, ग्रामपंचायतीच्या नळाचा गळका वॉशर, गॅदरिंगला लागणारा स्टेजचा बोर्ड. आधी एस्टिमेट काढायला लावा, दुकानातून भाव पोरांनीच आणायचे. पहिल्या एस्टिमेटला स्क्रू, टेप आणि मजुरी हमखास विसरतात, विसरू द्या, हिशोबात तोटा आला की पुढच्या वेळी आधी तेच लिहितात.

शेतीचा भाग असेल तर सोयाबीनची उगवण तपासणी घ्याच, कारण सोयाबीनच्या गावात त्याचं गिऱ्हाईक घराघरात आहे. मागच्या हंगामातलं घरचं बियाणं प्रत्येक मुलाने आणायचं, न निवडता १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या दहा ओळी, वरून ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं, सहासात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. न निवडता हे महत्त्वाचं बरं का, पोरं बापाला बरं वाटावं म्हणून चांगले चांगले टपोरे दाणे घेतात. बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरतात आणि त्याला एकरी ३० किलो बी. आता एखाद्याची ६० आली तर किती किलो टाकायचं? त्रैराशिक मांडा, ३५ किलो. सातवीपासून व्यस्त चलनाची उदाहरणं सोडवणारी पोरं इथं पहिल्यांदा ते खरं मांडतात, कारण रात्री बाप विचारणार असतो "किती आली रं?" आणि पेरणी त्याच्यावर ठरणार असते. एक पोरगं तर उलट मांडून पंचवीसच्या आसपास आकडा घेऊन घरी गेलं, बाप म्हणाला उगवण कमी तर बी जास्त लागंल का कमी? दुसऱ्या दिवशी येऊन न बोलता खोडून परत मांडलं. फक्त वेळेचं बघा, खरी तपासणी मे महिन्यात करतात तेव्हा शाळा बंद असते, म्हणून मार्चमध्ये शाळेत एकदा करून घ्यायची आणि मेमध्ये घरी परत करायला सांगायचं. दोन्ही आकडे जूनमध्ये आणले की साठवणुकीत उगवण किती उतरली तो आणखी एक धडा.

चाळीस मुलं सहा पक्कडी. सगळ्यांना एकाच वेळी एकच जॉब द्यायचा हट्ट सोडा. दहाचे चार गट, एका गटाला वायरिंग, दुसऱ्याला मोजमाप, तिसऱ्याला एस्टिमेट आणि चित्र, चौथ्याला बिघडलेल्या वस्तू उघडून बघायच्या, आणि दर आठवड्याला फिरवायचं. बिघडलेल्या वस्तूंना खर्च शून्य, रिवाइंडिंगवाल्याकडे जळालेले मिक्सर, पंखे पडलेले असतात, चहा पाजला की देतो. तास संपायच्या दहा मिनिटं आधी काम थांबवायचं म्हणजे थांबवायचं, नाहीतर आवरायला तुम्ही एकट्या आणि पोरं मैदानावर.

आणि एक, हे मला फार उशिरा दिसलं म्हणून सांगतो. गटात पक्कड कोणाच्या हातात आहे ते बघा. मुलं पक्कड धरतात आणि मुली जर्नल लिहितात, कारण "तिचं अक्षर चांगलंय सर". वर्षाच्या शेवटी जर्नल सुंदर आणि त्या पोरीने स्क्रू एकही फिरवलेला नाही. मी सरळ नियम केला, मागच्या वेळी ज्यानं लिहिलं त्यानं यावेळी लिहायचं नाही. पहिले दोन आठवडे मुलांच्या जर्नलचं अक्षर वाचवत नव्हतं, ठीक आहे.

गावातले कारागीर बोलवा, तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त येतं त्यांना. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसोबत घालवायचं म्हटलंय, एनसीईआरटीचं सहावीचं कौशल बोध नावाचं पुस्तक पण आलंय, त्यात सजीवांसोबतचं काम, यंत्र-साहित्याचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम असे तीन प्रकार केलेत, तुम्ही नववी-दहावीला असलात तरी बघून ठेवा. आमच्याकडे एक गवंडी आले होते, सहावी शिकलेले. त्यांनी पायाची आखणी दाखवली, कोपऱ्यात खुंटी, एका दोरीवर तीन फुटाला खूण, दुसरीवर चार फुटाला, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवायची, की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. दहावीच्या भूमितीतलं दुसरंच प्रकरण पायथागोरसचं, पोरांनी चारचार वेळा सोडवलेलं, तरी मिस्त्रींनी टेप सरकवत "पाच" म्हटल्यावर एक पोरगं मागून जवळजवळ ओरडलं, सर हे तर तेच आहे. मिस्त्रींना पायथागोरस कोण ते आम्ही सांगितलं, ते म्हणाले असेल, आम्हाला आमच्या मामाने शिकवलं.

पण कारागीर बोलावताना एक खाचखळगा आहे, त्याच्याकडे डोळेझाक करू नका. एकदा एक वडील माझ्याकडे भांडायला आले होते. आमच्या बापजाद्यांनी हेच केलं, त्यातून पोराला बाहेर काढायला शाळेत घातला, आणि तुम्ही परत त्याच्या हातात तेच देता? मला उत्तर सुचलं नाही तेव्हा. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हातातल्या कामातून सगळं शिक्षण, तकलीवर सूत कातता कातता गणित आणि भूगोल, कल्पना आजही मला पटते. पण आपल्याकडे काम जातीला चिकटलेलं आहे आणि कुठल्या घरातलं पोर कुठल्या कामाला लावलं जातंय हे गाव बघत असतं. मी त्या वडिलांनंतर ठरवलं की सगळ्यांनी सगळं करायचं, कोणाच्याही पोराला "तुला येतंच की घरचं" म्हणून त्याच कामाला बसवायचं नाही, आणि पाटलाच्या पोरानेही संडासाच्या टाकीचा फ्लश वॉल्व बदलायचा. पालकसभेत हे उघड बोलायचं. ते वडील पुढे कधी भांडले नाहीत, मला वाटतं त्यांना पोराच्या एस्टिमेटची वही जास्त आवडली.

थिअरी कधी घ्यायची हे तुम्ही विचारलं नाहीत पण अडचण तिथंच येते. जॉबच्या आधी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. बिघाड सापडल्यावर, गिऱ्हाईकाने कुरकुर केल्यावर, एस्टिमेट चुकल्यावर बोला, तेव्हा कान उघडे असतात. आयटीआयला आमच्याकडे थिअरीचा वेगळा तास असतो, तिथं पण मी आदल्या दिवशीच्या प्रॅक्टिकलमधला जळालेला सॉकेट टेबलावर ठेवूनच सुरू करतो. लूज कनेक्शनने तो कसा काळा पडला हे हातात घेऊन बघितल्यावर रेझिस्टन्स आणि उष्णतेचं सूत्र फळ्यावर लिहायला दोन मिनिटं लागतात.

मार्कांचं. बाहेरचे परीक्षक येऊन दोन तासात चाळीस मुलं तपासतात, त्यात जर्नल आणि तोंडी परीक्षाच जास्त चालते, ते तुमच्या हातात नाही, तेवढी तयारी करून घ्या आणि सोडून द्या. तुमच्यासाठी मात्र प्रत्येक मुलाचं एक कार्ड ठेवा, पुढे फक्त जॉबची नावं आणि तीनच खुणा, स्वतः केलं, मदतीने केलं, परत करायचं. आणि दर महिन्याला एक दिवस न सांगता जुना जॉब. आजच्या दिवशी केलेलं मी धरतच नाही, महिन्याने न बघता केलं तरच "स्वतः केलं" ची खूण. पहिल्या महिन्यात तुमची कार्डं फार वाईट दिसतील, माझी बावीसात तीन होती. तिसऱ्या वर्षी, या सेल-बल्ब आणि बिघडलेल्या बोर्डांनंतर, वीसमधल्या चौदा जणांना दिवाळीनंतर जमलं. बाकीच्या सहांचं काय ते मला दर वर्षी नव्यानेच शोधावं लागतं, एकाला तर चष्म्याची गरज होती, तारा दिसतच नव्हत्या त्याला.

तुम्ही उद्यापासून करायचं म्हणाल तर एवढंच करा, सोमवारी वायर मोजा, बुधवारी सेल-बल्बचा टेस्टर, पुढच्या आठवड्यात बिघडलेला बोर्ड. आणि भिंतीवर प्लायचा एक तुकडा लावून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगाने काढून त्यावर खिळे मारा, तास संपल्यावर रिकामी रेषा दिसली की दार उघडायचं नाही. सहा आहेत म्हणता पक्कडी, आज मोजून बघा, बहुतेक पाच असतील.